टेमगिरे घोडेपाणीला हजर आहे

दीड भाकरी आणि वांग्याचं भरीत पोटात गेल्यावर माणसानं निर्णय घेऊ नये, हे रंगनाथ कुदळेला ठाऊक आहे. म्हणून दूध संघाच्या घोडेपाणी शीतकरण केंद्रात, सर्व्हरच्या खोलीत, तो मान मागे टाकून नुसता बसला आहे. हातात निळी वायर. ती समोरच्या खाचेत खोचायची, एवढंच काम. त्यासाठी सकाळी जीपनं घाट चढून आलाय, आणि गेले दोन तास तेवढंच सोडून बाकी सगळं केलंय. पंखे घुमतायत. पापण्या खाली येतायत.

"झोपलास काय, कुदळ्या?"

दारात टेमगिरे उभा आहे. एकनाथ टेमगिरे, संगणक विभागात कुदळेच्या समोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेला, आणि साडेसहा महिन्यांपूर्वी त्याच टेबलावर, चहाचा पहिला घोट घेऊन मान टाकलेला.

"झोपलो नाही. विचार करतोय."

"तेच. सवय नसली की डुलकी लागते."

कुदळेला रडू येत नाही. स्वप्नात मेलेला माणूस भेटला, की पहिल्यांदा त्याला खुर्ची द्यायची घाई होते. तो उठतो, पण खुर्ची नाही. खोलीही नाही. दोघं मुख्य कचेरीच्या फाटकाशी उभे आहेत आणि वॉचमन रजिस्टरातून डोकं वर काढत नाहीये.

इथं थोडं सांगायला हवं. संघाची पाच ठिकाणं, पाच सर्व्हर, आणि पाचांजवळ एकच यादी: आपली माणसं कोण, आत कोणाला घ्यायचं. एका ठिकाणी यादी बदलली की वायरीवरून बाकीच्या चौघांना कळतं. नाव काढलं तर नुसतं खोडून भागत नाही. 'हा गेला' अशी चिठ्ठी मागे ठेवावी लागते, सगळ्यांना कळेपर्यंत. चिठ्ठी एकशे ऐंशी दिवस टिकते, मग आपोआप नाहीशी होते. टेमगिरेचा स्वतःचा एक नियम होता. कोणी वारलं तर तेराव्यापर्यंत त्याच्या खात्याला हात लावायचा नाही. ऑडिटरनं दरवर्षी ताशेरा मारला, टेमगिरेनं दरवर्षी त्याला चहा पाजला.

टेमगिरेच्या तेराव्याचं गोड जेवून आलेल्या कुदळेनं नियमाप्रमाणे त्याचं खातं काढलं. फक्त आदल्या दिवशी घोडेपाणीला जाऊन इथली वायर उपसून आला होता. चार ठिकाणी टेमगिरे वारला. घोडेपाणीला कोणी कळवलंच नाही. विचारणाऱ्याला कुदळे सांगायचा, घाटात लाइन खराब आहे.

खातं काढल्याला आज एकशे एकोणऐंशीवा दिवस.

"नाव?" वॉचमन विचारतो.

"टेमगिरे, एकनाथ."

"घड्याळ दाखवा."

टेमगिरे मनगट पुढे करतो. घड्याळात अकरा वीस झालेत, तो गेला त्या सकाळचे.

"पाच मिनिटं मागंपुढं चालतं," वॉचमन म्हणतो. "हे साडेसहा महिने मागं आहे."

"अहो, मी ओळखतो ना याला!" कुदळे ओरडतो.

"तुम्ही ओळखून काय उपयोग? यादीनं ओळखलं पाहिजे."

"बरोबर आहे त्याचं," टेमगिरे म्हणतो. "हा नियम मीच घालून दिलाय."

आता ते टेमगिरेच्या स्वयंपाकघरात आहेत. ओट्याला लागून दुधाचे कॅन रांगेनं उभे, त्यांतून गार वाफ येतेय. शालनवहिनी एकच ताट वाढतात, एकट्या बसतात, वरणभात कालवतात. टेमगिरे त्यांच्या अगदी समोर उभा राहतो. त्या त्याच्या आरपार खिडकीकडे बघतात आणि उठून खिडकी लावतात.

"हिला पहिल्या दिवशीच कळलं," तो म्हणतो. "हिची वायर कोणी उपसली नाही."

कुदळे कॅनचं झाकण धरून उभा राहतो. झाकण बर्फासारखं आहे. ते घोडेपाणीच्या टाकीचं झाकण आहे, आणि टेमगिरे टाकीशेजारी स्टुलावर बसलाय.

"इथं मी एकटाच असतो रे. नाव आहे, हाक मारणारं कोणी नाही. आणि माझ्यापायी त्या पोरीला सतावलंस."

पोरगी म्हणजे केंद्रावरची नवी लिपिक, रेवती भांगरे. तीन महिन्यांपूर्वी लागली. चार ठिकाणच्या यादीत तिचं नाव आहे, पण ते इथं पोचलेलं नाही. रोज सकाळी ती पासवर्ड घालते, रोज सर्व्हर तिला परकी ठरवतो, आणि ती दुधाचं फॅट वहीत लिहीत बसते.

"उद्या चिठ्ठी जाईल," टेमगिरे म्हणतो. "मग काय करशील?"

"मग तू इथं राहशील."

"राहीन. आणि पुढं कोणी वायर जोडली, तर घोडेपाणी म्हणेल टेमगिरे आहे, आणि बाकीचे चौघं म्हणतील, कोण टेमगिरे? मी मेल्याचंही त्यांच्याकडे काही नसेल. मग दोघांचं जुळेना म्हणून हा सर्व्हर पुसून टाकतील. मेलेला बरा की कधी नव्हताच तो बरा? सांग."

"मला नाही जमत, एकनाथ."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं टेमगिरेला नावानं हाक मारलीय. टेमगिरे थोडा अवघडतो.

"तुला वायरही कधी नीट खोचता आली नाही," तो म्हणतो. "टिक् वाजेपर्यंत दाबायचं असतं. आण इकडं."

तो कुदळेच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवतो. आणि दाबतो.

टिक्.

"साहेब! घेतलं! माझं नाव घेतलं त्यानं!"

बाहेरच्या टेबलावरून रेवती ओरडतेय. कुदळे डोळे उघडतो. वायर खाचेत आहे आणि तिच्याशेजारी हिरवा दिवा लुकलुकतोय. कोणी खोचली, हे तो स्वतःला विचारत नाही. पडद्यावर यादी उघडतो. टेकवडे, टेमगिरे, टोणपे. ताजी करतो. टेमगिरे आहे. पुन्हा ताजी करतो. टेमगिरे आहे. तिसऱ्यांदा टेकवडे, आणि लगेच टोणपे. मधे रिकामी जागासुद्धा नाही.

मग अंगठा ठणकतो. पेराच्या पाठीवर एक नख खोल रुतल्याची लाल चंद्रकोर आहे, कड अजून पांढरी. कुदळे आपली नखं पाहतो. शाळेपासून कुरतडून मुळापर्यंत संपवलेली; त्यांतलं एकही कशात रुतण्याजोगं नाही.

चंद्रकोर हळूहळू भरून येतेय. तो हात मांडीवर उताणा ठेवून देतो, अजिबात न हलवता, कशाला न टेकवता.

"साहेब, चहा," रेवती खुशीत कप पुढे करते.

तो डाव्या हातानं घेतो.