कळंबचा डावा कोपरा

कळंबच्या महिला कबड्डी संघाचा डावा कोपरा नम्रताचा. लग्न झालं, दोन पोरं झाली, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची नोकरी लागली, पण कोपरा काही तिनं सोडला नाही. शेजारी, तिचा हात धरून, कायम पौर्णिमा. खेळताना बोलायचं नाही, हे दोघींचं ठरलेलं. चढाई करणारी आत आली की नम्रताची नजर तिच्या पायांवर, पौर्णिमाची खांद्यांवर. पौर्णिमानं बोटं दाबली म्हणजे थांब. हात सोडला म्हणजे घाल झडप.

यंदा मात्र मैदानाबाहेरही तोंडं बंद होती. गुडघ्याला पट्टा बांधून सरावाला आलेल्या नम्रताला पौर्णिमा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "गुडगा गेलाय गं तुजा. कोपरा दीक्षाला दे."

दीक्षा म्हणजे पौर्णिमाची सख्खी भाची! नम्रताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाचीला पुढं काढायला मीच घावले का गं?" असं म्हणून तिनं जो अबोला धरला, तो थेट चौक गावाच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यापर्यंत.

त्या सामन्यात पौर्णिमानं तिची बोटं वळ उठतील इतकी आवळून धरली. थांब. परत थांब. घोटा अगदी हाताशी आला, तरी थांबच. भाचीसाठी ही मला लोकांपुढं निकामी ठरवतेय, नम्रता मनात धुमसत राहिली. हात झटकून जावं असंही वाटलं तिला. पण इतक्या वर्षांची सवय, हात काही झटकला गेला नाही.

गुण बरोबरीत आले आणि चौकची उंच पोरगी शेवटच्या चढाईला आत शिरली. ती नम्रताच्या कोपऱ्याकडं वळली. तिचा पाय लांबला.

पौर्णिमानं हात सोडला.

नम्रता झेपावली. दोन्ही हातांत घोटा गच्च, वरून पौर्णिमाचं सगळं वजन, आणि कळंबच्या बायकांचा एकच गलका. धुळीत पडल्या पडल्या नम्रताला सगळं उमगलं. गुडघ्यात एकच झडप शिल्लक होती, ती पौर्णिमानं शेवटासाठी जपून ठेवली होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि मैत्रिणीचा अभिमानही.

"उठता येतंय का गं?" पौर्णिमानं विचारलं.

"नाय." नम्रतानं हात पुढं केला. "उद्यापासून दीक्षाला माज्याकडं पाठव. पाय कसे बघायचे ते मी शिकवते. पण तिचा हात एवढा आवळू नको, पोरगी रडंल."