बोंडाचा साचा

पौर्णिमा थूलच्या हातांना पहिल्यांदा खाज सुटली तेव्हा तिनं तो दोष भेंडीवर ढकलला. मग भांड्याच्या साबणावर. मग नव्या बांगड्यांवर. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठायचं, फुटायचं, आणि कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटून यायची. ती रात्री खोबरेल लावायची, सकाळी हातमोजे चढवायची आणि मागच्या खोलीत कामाला बसायची. काम अंगावर होतं, आणि अंगावर काम असलं की अंगाकडं बघायचं राहूनच जातं.

एका सकाळी मात्र तिचे डोळे उघडेनात. पापण्या फुगून टम्म झाल्या होत्या. भिंतीला हात लावत ती बाहेर आली. सासरे बापूराव ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"काय झालं वं माय? कोनी मारलं का तुले?"

"कोन मारन मामाजी," ती म्हणाली. "झोपीतून उठली तं असंच."

हिंगणघाटला वणा नदीच्या अलीकडं एका लेआउटमध्ये त्यांचं तीन खोल्यांचं घर. नवरा रुपेश कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. कापूस येतो तोवर त्याला जेवायला उसंत नसते, आणि हंगाम सरला की तो अंगणातला पंप खोलून पुन्हा जोडत बसतो. लॉकडाऊनच्या काळात सगळेच घरात बसले तेव्हा पौर्णिमानं फोनवर बघून रेझिनचं काम शिकून घेतलं. दोन बाटल्यांतलं पातळ द्रव्य मोजून मिसळायचं, साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी काचेसारखी घट्ट वस्तू निघते. किल्ल्यांची कीचेन, चहाच्या कपाखालच्या चकत्या, लग्नातल्या हाराची फुलं गोठवलेल्या फ्रेमा. चार वर्षं तिनं हे केलं आणि बरं केलं.

साचे मात्र विकतचे होते. तिचेही, आणि सगळ्यांचेही. वर्ध्याच्या एका प्रदर्शनात तिच्या डाव्या-उजव्या हाताला आणखी दोघी बसल्या होत्या, आणि तिघींच्या टेबलांवर तेच ट्रे, तीच अक्षरं, तीच चंद्रकोर. एका गिऱ्हाइकानं तिच्याकडचा ट्रे उचलून पाहिला आणि बोलता बोलता शेजारणीच्या टेबलावर ठेवून दिला. शेजारणीला ते कळलं नाही. थोड्या वेळानं पौर्णिमा तो परत घ्यायला गेली, तर आपला कोणता हे तिलाच ओळखता येईना.

घरी आल्यावर पिशवी न सोडता ती म्हणाली, "मी आपला साचा आपनच बनवन."

आपला म्हणजे कापसाचं बोंड. हिंगणघाटच्या माणसाला दुसरं काय सुचणार. उमललेलं बोंड, चार पाकळ्या उघडलेल्या, आणि आत रेझिनमध्ये खराखुरा कापूस. पहिल्यांदा तिनं शेतातलं वाळलेलं बोंडच साच्याच्या पातळ रबरात, सिलिकॉनमध्ये, बुडवलं. काढायला गेली तर त्याचा आत भुगा झाला. मग शाळेच्या दुकानातून रंगीत माती आणून तिचं बोंड घडवलं, भोवती पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या आणि सिलिकॉन ओतलं. वरून छान घट्ट झालं, पण मातीला लागलेला सगळा भाग गुळाच्या पाकासारखा चिकटच राहिला. एक अख्खा डबा वाया गेला. विकणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, त्या मातीत गंधक असतं, ताई, ते सिलिकॉनला बसूच देत नाही. हे डब्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

शेवटी बापूराव उठले. आयुष्यभर त्यांनी सुतारकाम केलं होतं, दारं-चौकटी, बैलगाड्यांची चाकं. नजर आता धूसर झाली होती. त्यांनी शिवणीच्या लाकडाचा एक ठोकळा शोधला आणि आठवडाभर ओट्यावर बसून बोटानं चाचपत चाचपत बोंड कोरलं. पौर्णिमानं त्यावर वॉर्निशचे हात दिले, नाहीतर लाकूड सिलिकॉनला धरून ठेवतं. मग सिलिकॉनचे दोन्ही भाग काट्यावर तोलून, बुडबुडे होऊ नयेत म्हणून हळूहळू ढवळून, पुठ्ठ्याच्या चौकटीच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धार सोडली. दुसऱ्या दिवशी भिंती सोडवल्या. पांढरा, मऊ, दहीवड्यासारखा गोळा. मागून चिरून उघडला तर आत बोंडाची पाकळी न् पाकळी उमटलेली. बापूरावांनी आत बोट फिरवून बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले.

ते बोंड चाललं. सेवाग्रामला येणारी माणसं घेऊन जायची, नागपूरहून मागणी यायची. पौर्णिमानं दुपारचा एक वर्गही सुरू केला. त्यात नदीकाठच्या भाजीवाल्या घरातली मेघा होती. सकाळी बाजारात वांगी-टमाटर विकून दुपारी वर्गाला यायची, सगळ्यांत शेवटी जायची. वर्ग संपल्यावर तिनं एक बोंड विकत घेतलं, घरी ठेवायला म्हणून. दोन महिन्यांनी बाजारात तसंच बोंड दिसलं, थोडं लहान, पाकळ्यांच्या कडा बोथट झालेल्या. विकत घेतलेल्या बोंडावरच मेघानं सिलिकॉन ओतलं होतं. पौर्णिमा भांडली नाही. तिनं मेघाशी बोलणं टाकलं आणि वर्गही बंद केला. वर्षाच्या वर झालं होतं त्याला.

डोळे सुजले त्या दिवशी रुपेश तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेला. चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी काम काय करता ते विचारलं, मग पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून परत बोलावलं. पट्ट्या काढल्या तेव्हा एक जागा लालबुंद झाली होती. रेझिनची.

"हे आता जायचं नाही," त्या म्हणाल्या. "शरीरानं एकदा धरलं की धरलं. थोडं हाताळलं तरी उठेल, वासानंही उठेल. हे काम सोडावं लागेल."

"हातमोजे दोन-दोन घातले तर?"

"सोडावं लागेल."

"आणि साच्याचं रबर? सिलिकॉन?"

त्यांनी पाठीकडं पुन्हा पाहिलं. "त्याचं काही उठलेलं नाही."

परतीच्या बसमध्ये रुपेश खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "रडून घे वाटलं तं."

"रडू नाई येऊन राह्यलं," ती म्हणाली. "झोप येऊन राह्यली."

आणि ती खरंच झोपली, त्याच्या खांद्यावर, अल्लीपूरच्या फाट्यापासून थेट गावापर्यंत.

पण एक काम हातात घेतलेलं होतं. शेतकऱ्यांच्या एका गटानं वर्ध्याच्या कार्यक्रमासाठी बोंडाची स्मृतिचिन्हं सांगितली होती आणि तारीख जवळ आली होती. रुपेश म्हणाला, "मी ओततो. तू दारातून सांग." तिनं दारातून सांगितलं. त्यानं मशीनच्या माणसाच्या ताकदीनं ढवळलं, आणि पहिला घाणा बुडबुड्यांनी पांढरा झाला. दुसऱ्यात हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं दुसऱ्या बाटलीतलं द्रव्य, कमी पडलं, बोंड बोटाला चिकटत होतं. तिसऱ्या दिवशी, खोलीत पाऊलही न टाकता, पौर्णिमाच्या पापण्यांवर पुन्हा सूज चढली. रुपेशनं सगळ्या बाटल्या पोत्यात भरून मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. एवढ्या वर्षांचं सामान एका पोत्यात मावलं याचंच तिला नवल वाटलं.

"नाई म्हनून फोन करून दे त्याईले," बापूराव म्हणाले.

"करतो," ती म्हणाली.

तिनं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी पदरानं तोंड झाकून ती नदीकाठच्या वस्तीकडं चालत गेली. रागाचा जोर तर केव्हाच ओसरला होता, पण त्या दारात उभं राहायचं म्हणजे आपलंच काहीतरी खाली ठेवायचं, हे तिला वाटेभर जाणवत राहिलं.

मेघा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. पौर्णिमाला बघून उठली, बसायला खाट ओढली, आणि पुन्हा जुडी हातात घेतली.

"ताई, तुमी येसान असं नव्हतं वाटलं."

"मलेई नव्हतं वाटलं." पौर्णिमा बसली. हात पुढं केले. "हे पाह्य."

मेघानं हात बघितले. आतून पाणी आणून दिलं.

"ओतता येत नाई आता मले," पौर्णिमा म्हणाली. "साचा करता येते. वर्ध्याचं काम हाये. साचे मी देतो, तू ओत. निम्मं तुयं."

मेघानं जुडीचा दोरा बोटाला गुंडाळला. "मायावर भरोसा करसान?"

"नाई," पौर्णिमा म्हणाली. "पन दुसऱ्या कोनाले ओतता कुठं येते."

मेघाला हसू आलं, लगेच गेलंही. "तुमच्या बोंडावरून साचा काढला थे चुकलंच मायं. घरच्या मानसाले दाखवलं तं म्हने, छान हाये, इक. घरात कोनी पहिल्यांदाच छान म्हनलं होतं."

पौर्णिमानं माफ केलं असंही नाही, आणि मनात धरून ठेवलं असंही नाही. "उद्या साचे पाठवतो," एवढं म्हणून ती उठली. मेघानं मेथीची एक जुडी तिच्या हातात कोंबली. ती तिनं घेतली.

काम वेळेत झालं. कार्यक्रमात कुणीतरी कुणालातरी ती बोंडं दिली, फोटो निघाले. त्यांत ना पौर्णिमा होती ना मेघा.

तेव्हापासून हेच चाललं आहे. पौर्णिमा साचे करते. रेझिन ओतून ओतून साचा कडक होतो, कडांना फाटतो, मरतो. त्यामुळं काम संपत नाही. अमरावतीहून, यवतमाळहून बाया फोन करतात, माझ्या वस्तूचा साचा करून द्या म्हणतात. कुणी आजीचा अडकित्ता पाठवतं, कुणी बाळाचा चांदीचा वाळा. ती तोलते, ढवळते, धार सोडते, वाट बघते, आणि रिकामी पोकळी कागदात गुंडाळून पाठवते. आत काय भरलं गेलं, कोणत्या रंगात, ते तिला बहुतेक वेळा कळतच नाही. रंग निवडणं हेच तिला या कामात सगळ्यांत आवडायचं. ते गेलं. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नाही. एकदा रुपेशजवळ म्हणाली होती, आणि तो म्हणाला, "साचा तं तुयाच हाये ना." तिनं हो म्हटलं, कारण पुढं समजावून सांगायचा कंटाळा आला.

बापूरावांच्यानं आता कोरणं होत नाही. ते ओट्यावर बसून जुन्या साच्यांच्या कडांची निघालेली सालपटं बोटांनी काढतात. चुकून कधी चांगली कडाही ओढतात. पौर्णिमा तो साचा गुपचूप बाजूला ठेवते आणि नवा करते.

परवा दुपारी मेघाचा फोन आला, नव्या साच्यातला पहिला नग निघाला, येऊन बघून जा. पौर्णिमा गेली, पण अंगणात शिरली नाही. मेघाच्या शेडमधून रेझिनचा वास येत होता. ती रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली उभी राहिली. मेघा धावत बाहेर आली आणि बोंड तिच्या हातावर ठेवलं. निळं होतं. कापसाचं बोंड निळं. पौर्णिमानं कधीच केलं नसतं. तिनं ते उन्हात धरून फिरवलं. एकही बुडबुडा नव्हता.

"कसं हाये?" मेघानं विचारलं.

"कापूस थोडा कमी भरजो. दबून राह्यला."

"आनि रंग?"

पौर्णिमानं पुन्हा एकदा बघितलं. "रंग तुया तू पाह्य," ती म्हणाली आणि बोंड परत दिलं.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. पुढच्या साच्यासाठी काट्यावरचं कापड काढायला ती गेली, मग तिनं ते तसंच राहू दिलं, आणि पंखा लावून फरशीवर थोडी आडवी झाली.