आत्याची मूठ आणि वाफसा

कल्पना करा, पाऊस उघडलाय आणि तुम्ही शेतात उकिडवे बसला आहात. मूठभर माती घ्या, दाबा आणि खाली टाका. बोटांना चिकटली तर रान अजून ओलं आहे. गोळाच झाला नाही तर उशीर झालाय. गोळा झाला आणि पडताच फुटला, तर वाफसा आलाय; मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे. आता पेरा.

माझ्या आत्याने हे आयुष्यभर केलं. त्या सकाळी मात्र तिचा पहिला गोळा फुटला आणि दुसरा दगडासारखा पडून राहिला. माती तीच होती. हिवाळ्यापासून तिची बोटं बधिर झाली होती. आपण मूठ किती आवळतोय, हेच तिला कळत नव्हतं. घरात तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. हात गेले म्हटलं की शेत वाट्याने देण्याचा विषय मुलगा पुन्हा काढणार. बियाणं घरचं, होतं तेवढंच. चिखलात पडलं तर कुजणार. त्यात पश्चिमेला ढग जमू लागले होते.

ट्रॅक्टरवाला पेरणी यंत्र जोडून केव्हाचा ताटकळला होता.

"काकू, माती काय कानात सांगणार आहे का?"

"सांगेल. तू आधी इंजिन बंद कर."

बोलून गेली खरी, पण आता कशावरून ठरवायचं, हे तिलाच ठाऊक नव्हतं. वाफसा हा शब्द वाफेवरून आला, ऊन लागलं की जमीन वाफ सोडते, असं तिच्या सासूबाई म्हणायच्या. तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता ती ओणवी झाली आणि तिने गाल मातीजवळ नेला. नुसता गारठा. मग रानाच्या वरच्या अंगाला जाऊन पुन्हा वाकली. तिथे गालाला कोमट, दमट श्वासासारखं काहीतरी लागलं.

"इथून सुरू कर. खालचा पट्टा आज नको."

ट्रॅक्टर निघाला. ती मागोमाग चालत राहिली, नजर यंत्राच्या फणांवर. त्यांना चिखल लागत नव्हता. तरी प्रत्येक वळणावर तिचा जीव टांगणीला लागत होता. खालचा पट्टा तर अजून तसाच होता, आणि ढगही.

संध्याकाळी तिने हे फक्त मला सांगितलं. मी मातीतल्या ओलाव्याचं प्रमाण समजावू लागले, तर तिने मला अडवलं.

"ते राहू दे. तू शिकलेली आहेस, एवढंच शोधून सांग. ज्याने वाफसा हे नाव ठेवलं, त्याच्याही बोटांना कळेनासं झालं होतं का गं?"