रामेश्वरमच्या पुढे

बाबा इगतपुरीच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा त्यांनी रेल्वेचा नकाशा जमिनीवर पसरला आणि खालच्या टोकावर बोट ठेवलं. "पास इथपर्यंत चालतो. रामेश्वरम. तिथून बोटीनं श्रीलंका."

आई भाकरी थापायची थांबली. आमच्या नाशिकरोडच्या वसाहतीतलं कोणी बोधगयेच्याही पुढे गेलेलं नव्हतं. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा शेजारीपाजारी गोळा झाले, आमच्या घरात काय गुन्हा घडला म्हणून.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट असेल. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. वळकटी, चटणी-दशम्या आणि तीन दिवसांचा रेल्वेप्रवास. बोटीवर आम्ही डेकवरच बसलो. आईनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला.  ती हळूच म्हणाली, "अगं, याला काठच नाही."

पलीकडे उतरून गाडीनं अनुराधपूरला गेलो. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या विश्रामशाळेत चटई टाकायला जागा मिळाली. हवेत ओल्या मातीचा आणि खोबरेल तेलाचा वास. घराघरापुढे फणस, केळी, नारळ. इतकं हिरवं की आमच्या डोळ्यांना सवय व्हायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत महाबोधीकडे, तिथल्या जुन्या बोधिवृक्षाकडे, निघालेलं. आईही पांढरं लुगडं नेसली होती. त्या गर्दीत तिचा हात माझ्या हातून सुटला. वळून पाहते तर नुसता पांढऱ्या कपड्यांचा समुद्र. कुठलं लुगडं आईचं, कसं ओळखणार?

बाबांचा चेहरा उतरला. "तिला ना इथली भाषा येते, ना मुक्कामाचा पत्ता." घरी आई बसच्या कंडक्टरशी बोलायलाही मला पुढे करायची. आम्ही तासभर शोधत होतो. बाबा प्रत्येक पोलिसाला हातवारे करून सांगत होते, एवढी उंची, कपाळाला कुंकू नाही, पांढरं लुगडं. पोलीस बिचारे चहूकडे हात दाखवत.

शेवटी मला तिचा आवाज ऐकू आला.

बोधिवृक्षाच्या कठड्याखाली, वाळूत, दहा-बारा म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या आणि मधोमध आई. त्या पालीतून पंचशील म्हणत होत्या. उच्चार थोडे वेगळे होते. एखादा शब्द त्या लांबवत, आई थांबे, आणि पुन्हा सगळ्या एकत्र पुढे जात. आईला अक्षर वाचता येत नव्हतं. हे सगळं तिनं वसाहतीतल्या विहारात ऐकून ऐकून पाठ केलं होतं. मी तिच्यावर ओरडायला पुढे झाले होते, ते तिथेच थांबले. बाबांनी चपला काढल्या आणि ते मागे वाळूत बसले. वर त्या जुन्या झाडाची पानं सळसळत होती.

म्हणून झाल्यावर आई म्हणाली, "अहो, घाबरलात होय? मी आपल्याच लोकांत होते."

तिच्या शेजारच्या आजींनी आम्हाला सोडलंच नाही. बसमध्ये बसवून आपल्या खेड्यातल्या घरी नेलं. जेवायला लाल तांदळाचा भात आणि फणसाची भाजी. एका जेवणाला अख्खा नारळ खवलेला पाहून आईनं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, मग पदर खोचला आणि दुसरा नारळ स्वतः खवायला बसली. दोघी संध्याकाळभर बोलत होत्या, आजी सिंहलीत आणि आई मराठीत. मधे मधे हसतही होत्या. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

पहाटे आजींच्या मुलानं आम्हाला मिहिंतलेच्या पायऱ्यांशी सोडलं. माथ्यावर पोचलो तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. खाली क्षितिजापर्यंत रान, मधे चमकणारे तलाव, रानातून वर आलेले पांढरे स्तूप. अशोकाचा मुलगा धम्म घेऊन याच डोंगरावर आला होता, हे मी आईला सांगितलं.

"आपल्याकडून? एवढ्या लांब?"

"हो."

"आणि यांनी अजून सगळं सांभाळून ठेवलंय." तिनं माथ्यावरच्या खडकावर कपाळ टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. बाबा गाडीची वेळ विसरून उभे होते. मीही त्यांना आठवण करून दिली नाही.