मालोजीरावांचा मुका रिसिव्हर

मालोजीरावांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळुरात आले आणि परतीचा घोडा त्यांना काही मिळाला नाही. तेव्हापासून घराणं इथलंच. शौर्य पिढीगणिक ओसरत गेलं. मालोजीरावांपर्यंत येईतो त्यातलं एवढंच उरलं, की बैठकीतल्या एका वस्तूकडे कोणाचा हात गेला तर ते खुर्चीतून तलवार उपसल्यासारखे उठत.

ती वस्तू म्हणजे एक जपानी रिसिव्हर. त्याला 'रेडिओ' म्हटलेलं त्यांना खपत नसे. देवळातल्या हत्तीला जनावर म्हणण्यापैकी ते त्यांना वाटे. कॉक्स टाउनमधलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब अठ्ठ्याहत्तर साली ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा शहाण्या लोकांनी त्यांचे पलंग आणि फ्रिज उचलले. मालोजीराव मात्र सतरा किलोचं ते धूड मांडीवर घेऊन ऑटोतून जयनगरला आले. पुढे दोन दिवस मांडीला मुंग्या होत्या, आणि त्या मुंग्यांचंही त्यांना कौतुक होतं. वजन आहे म्हणजे आत काहीतरी आहे, हा त्यांचा सिद्धान्त. जावई निवडतानाही त्यांनी तोच लावला, आणि तो जावई अजून वाढतोच आहे.

पण वस्तू होती देखणी, यात शंका नाही. दर्शनी पट्टी घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, केसासारख्या बारीक रेघांची. खिडकीतलं ऊन तिच्यावरून सरकलं की चिकपेटेतला एखादा दुकानदार रेशमी साडी झटकून उलगडतोय असं वाटे. दोन्ही बाजूंना अक्रोडाचं लाकूड. खटका खाली ओढला की जाड, तृप्त 'टक्' होई आणि तबकडीत निळसर उजेड भरे. स्टेशन लावायच्या चाकाला एक टिचकी दिली की काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपसूक तरंगत जाई. घाई नाही, धक्का नाही, पेन्शनर लालबागेत फिरावा तसा. स्टेशन सापडलं की बाजूचा छोटा काटा उठून सलाम करी.

फक्त आवाज येत नसे. गेली सात वर्षं.

त्यावर मालोजीरावांनी तोडगा काढला होता. संध्याकाळी ते रिसिव्हरवर बेंगळूर केंद्र लावत आणि त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी स्वयंपाकघरातल्या छोट्या ट्रान्झिस्टरवर तेच केंद्र मोठ्याने लावायचं. मग ते आरामखुर्चीत बसून काट्याकडे बघत बातम्या घेत. आल्यागेल्याला वाटे, काय गंभीर आवाज आहे यंत्राचा! तो गंभीरपणा मधल्या भिंतीचा होता, हे सगुणाबाईंनी कधी फोडलं नाही.

दुरुस्ती अशक्य होती असं नाही. चिकपेटेच्या मागच्या गल्लीतला मल्लाप्पा दोनदा येऊन गेला होता. आतला लिंबाएवढा एक भाग गेलाय, अर्ध्या तासाचं काम, असं त्याने बाहेरूनच सांगितलं. पण त्यासाठी झाकणाचे चार स्क्रू काढायला हवेत, आणि त्या स्क्रूंच्या खाचांना जपानहून निघाल्यापासून कोणी शिवलेलं नव्हतं. मालोजीराव भिंग लावून ते पाहुण्यांना दाखवत. मल्लाप्पाने स्क्रूड्रायव्हर काढला की ते त्याला कॉफी देत, ती संपली की आणखी स्वल्प देत आणि पुन्हा ये म्हणत. त्या सुमारास शहरात अफवा होती, की एक भूतबाई दारं ठोठावत फिरते. लोकांनी दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहून ठेवलं होतं. भुताने रोज वाचायचं आणि रोज परत जायचं. मल्लाप्पा म्हणे, अण्णांच्या दारावर ते लिहायचीही गरज नाही.

असं सगळं सुखात चाललं असताना सत्त्याण्णव साली माडीवर अवधूत राहायला आला. पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. त्याने एक जाहिरात आणली. कुठलाही जुना संच द्या आणि तीन सीडींचा नवा संच सवलतीत न्या. योजना दसऱ्यापर्यंत, टेम्पो घरी येणार. नवा संच त्याच्या खोलीत होताच. मालोजीरावांनी जाऊन पाहिला. तो एका हाताने उचलला गेला, तिथेच तो त्यांच्या मनातून उतरला. वर चंदेरी रंग दिलेलं प्लॅस्टिक, आणि बटणं अशी, की दाबली की नुसतेच जवळ जाऊन आलो, हे बोटाला कळू नये.

"काका, रिमोट आहे ना," अवधूत म्हणाला. "हात लावायची गरजच नाही."

"हात लावायचा नाही, तर घरात आणायचा कशाला?" मालोजीराव म्हणाले आणि जिना उतरले.

पण खाली सगुणाबाई जाहिरात वाचत बसल्या होत्या. त्यांना बैठकीत बसून, पाय पसरून, भजनं ऐकायची होती. वीस वर्षं त्यांनी त्या यंत्रावर हातमाग झाकावा तसं मऊ कापड घातलेलं पाहिलं होतं, आणि स्वतः मात्र फोडणीच्या धुरात उभ्या राहून ऐकलं होतं.

"दसऱ्यापर्यंत वाजलं तर राहील," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाही वाजलं, तर टेम्पोत जाईल. सरी?"

'सरी' म्हणजे 'ठीक ना?', पण सगुणाबाईंनी म्हटलं की घरात तो हुकूम असे.

मालोजीरावांनी आठ दिवस घालवले. स्क्रूंकडे बघत चार, आणि मल्लाप्पाचा हात हलका आहे का याची चौकशी करत चार. नवमीच्या सकाळी मन घट्ट करून ते चिकपेटेत पोचले. गल्लीत जागोजाग फुटलेले कोहळे, ऑटोंना केळीचे खांब. आयुधपूजा. मल्लाप्पाच्या दुकानात पाटावर त्याची सगळी हत्यारं ओळीने झोपली होती, प्रत्येकाच्या कपाळी कुंकू, स्क्रूड्रायव्हरच्या गळ्यात झेंडूची माळ. आज हत्यार उचलायचं नसतं, हे मालोजीरावांना जन्मापासून ठाऊक होतं. सात वर्षं पुढे ढकलून ते नेमके त्याच दिवशी आले होते.

मल्लाप्पाने त्यांना कॉफी दिली. ती संपल्यावर आणखी स्वल्प दिली. मग हात जोडून म्हणाला, "नाळे बा, अण्णा."

घरी परतले तेव्हा सगुणाबाईंची पूजा आटोपली होती. शिलाई मशीन, मिक्सर, अवधूतची मोटारसायकल, सगळ्यांना गंधफूल झालं होतं. आणि रिसिव्हरलाही. इतकी वर्षं तो पूजेतून वगळलेला असे, कारण जवळ जायची मुभा नव्हती. आता उद्या घरातून जायचाच आहे, तर पाठवणीला कुंकवाशिवाय कसं पाठवायचं? त्यांनी ओल्या हळदकुंकवाची पाची बोटं त्या चंदेरी पट्टीवर भरून उमटवली होती. कुंकू त्या केसाएवढ्या रेघांत शिरून वाळलं होतं.

मालोजीरावांनी खिशातलं मलमलचं फडकं काढलं. पट्टीपर्यंत नेलं. सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. आजच्या दिवशी पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आणि बायकोच्या हातचं तर कधीच नसतं. त्यांनी फडक्याची घडी केली, खिशात ठेवली आणि खुर्चीत बसले. आत जाऊन सगुणाबाईंनी ट्रान्झिस्टर लावला, नेहमीपेक्षा थोडा मोठ्याने.

दसऱ्याच्या सकाळी टेम्पो आला. मालोजीराव आंघोळीला गेले ते बाहेर येईनात. सगुणाबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाळे बा."

"योजना आज संपते, अक्का," टेम्पोवाला म्हणाला.

"गोत्तु," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांना ते माहीत होतंच.

हे बाथरूममधून ऐकून मालोजीरावांना तिथे आणखी थांबायला लाज वाटली. दुपारी त्यांनी स्वतः फोन करून मल्लाप्पाला बोलावलं. या वेळी कॉफी काम झाल्यावर. पहिला स्क्रू फिरला तेव्हा त्यांनी इंजेक्शन घेताना मिटावेत तसे डोळे मिटले. लिंबाएवढा भाग बदलला गेला, झाकण बसलं, एका खाचेला टोक लागून चकाकी गेली. खटका ओढला. टक्. मग सात वर्षं दम धरून बसलेला माणूस बोलावा तसा, भरदार आवाज आला. बातम्याच होत्या.

सगुणाबाई पदराला हात पुसत येऊन खुर्चीत बसल्या. आवाज थोडा कमी हवा, म्हणाल्या. मालोजीराव सवयीने उठू लागले, आणि थांबले.

"तूच कर," ते म्हणाले. "हळू. बोटांच्या पेरांनी धर."

सगुणाबाईंनी आवाजाचं बटण धरलं. डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, मग उगीचच पुन्हा डावीकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "लोण्यातून फिरतंय की हे."

मग त्यांनी स्टेशनच्या चाकाला टिचकी दिली. काटा तरंगत निघाला, बेंगळूर केंद्र मागे पडलं, आणि दोघंही तो कुठे जाऊन थांबतो ते बघत बसले. बातम्या त्या दिवशी कोणीच ऐकल्या नाहीत.