बिनबाह्यांच्या आत्याबाई

माझ्या बायकोच्या आत्याबाईंनी आजवर मला एकही साधी गोष्ट सांगितलेली नाही. त्यांचं कुठलंही वाक्य ऐकलं की माणूस आधी हादरतो, मग खुर्ची शोधतो, आणि बसल्यावर त्याला कळतं की वाक्य अजून अर्धंच झालंय. लग्नानंतर मी पहिल्यांदा बदलापूरला त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, मला गर्रकन पाठमोरा केला आणि बायकोला म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे, पण डावा खांदा उतरलाय. लक्ष ठेव." तेव्हापासून मी रोज आरशात डावा खांदा बघतो. तो खरंच उतरलाय की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आत्याबाई ब्लाऊज शिवतात. बदलापूर पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर पुढे त्यांचा गाळा आणि मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही, तेव्हापासून मशीन आणि त्या. गावातल्या बायका त्यांना चेहऱ्याने आठवत नाहीत, मापाने आठवतात. "कोण गं ती? हां, ती, तिच्या बाहीचा मुंढा खोल लागतो ती," असं म्हणून त्या बरोबर माणसापर्यंत पोचतात. शेजारच्या इमारतीतल्या आजी गेल्या तेव्हा आत्याबाई भेटायला गेल्या. सुनेला पोटाशी धरलं. ती बिचारी हुंदके देत होती आणि आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. फिरवता फिरवता त्यांनी हळूच विचारलं, "बारीक झालीस गं. दोन इंच तरी?" मी शेजारी उभा होतो, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सून रडायची थांबली आणि डोळे पुसत म्हणाली, "खरंच?" एका लग्नात नवरीचा ब्लाऊज खांद्यावर सुटलेला बघून या थेट स्टेजवर चढल्या. गळ्यातल्या साखळीला सेफ्टी पिनांचा घोस असतोच. त्या कुटुंबाच्या अल्बममध्ये आहेर देणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या मागे तोंडात पिना धरलेल्या आत्याबाई आहेत.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे तारीख. कुठल्याही गिऱ्हाइकाने कधीही विचारलं तरी उत्तर एकच, "परवा ये." हा परवा कधी उगवत नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी ब्लाऊज हातात मिळाला तर बायका नशीब समजतात, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यांच्याकडेच येतात, कारण असं बसणारं शिवण कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरीकडे मिळत नाही म्हणे.

आत्याबाई स्वतः अंगाने चांगल्या भरभक्कम होत्या. मग रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी डोळे वटारले, आणि आत्याबाईंनी भात सोडला. बारवी धरणाच्या रस्त्याने पहाटे चालायला लागल्या. वर्ष-दीड वर्षात निम्म्या आत्याबाई उरल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. पण बाकीचं अंग आटलं तरी दंडाखालची कातडी आटायला तयार नव्हती. हात वर केला की ती झोळीसारखी लोंबायची. त्यांनी या प्रकाराची चौकशी आपल्या पद्धतीने सुरू केली. बाजारात वांगणीकडची एक भाजीवाली बसते, तिच्या काट्यावर एके सकाळी त्यांनी दंडच ठेवला. भाजीवालीने कपाळावर हात मारला. "गो बाय, हात काय ठेवतेस काट्याव? लोक काय म्हनतील, कंची भाजी हाय ही?" आत्याबाई तिला शांतपणे म्हणाल्या, "आकडा तेवढा सांग." मी पिशवी धरून मागे उभा होतो. पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर गेले.

पण खरा धक्का आमच्या अंबरनाथच्या घरी बसला. संकष्टी होती, साबुदाण्याची खिचडी चालली होती. आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, जरा हे धरा बघू." काय धरायचं ते कळायच्या आत त्यांनी दंडाची झोळी माझ्या तळहातावर ठेवली होती. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात आतेसासूसारख्या पूज्य बाईंचा दंड. मी घामाघूम झालो. "केवढं वाटतं?" त्यांनी विचारलं. "चांगलं आहे," मी म्हणालो. त्या प्रसंगी दुसरं काय बोलायचं असतं ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही. "चांगलं कसलं! काढून टाकणार आहे. उल्हासनगरला एक डॉक्टर आहे, तो दंड कापून शिवून देतो. मग मी बिनबाह्यांचा ब्लाऊज घालणार."

बायकोला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तिने जे बोलायला सुरुवात केली ते चहा होईपर्यंत संपलं नाही. "आत्या, या वयात? चांगल्या हाताला सुरी लावून घ्यायची? मशीन हे तुझं पोट आहे. हाताला काही झालं, बोटं चालेनाशी झाली, तर काय करशील? आणि कोणाला दाखवायचेत दंड?" आत्याबाई खिचडी खात राहिल्या. बायकोने शेवटचं सांगून टाकलं, "तू हे केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." त्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "मग डॉक्टरकडे तुम्ही चला."

असा मी उल्हासनगरला त्या दवाखान्यात जाऊन बसलो. डॉक्टर तरुण सिंधी होता, हसरा, मराठी अगदी मोकळेपणाने बोलणारा. त्याने आत्याबाईंचा हात वर करून दंड चिमटीत धरून पाहिला. मग विचारलं, "आंटी, वजन एका जागी टिकलंय ना? परत वाढलं तर सगळी मेहनत वाया जाणार."

"म्हणूनच विचारते," आत्याबाई म्हणाल्या, "दाब किती सोडणार?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं की शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला दाब म्हणतात. बाई जाड झाली की उसवून सैल करता येतं.

"आंटी, इथे दाब-बिब काही नाही. कापलं की कापलं."

"आणि उरलेलं? परत देता ना?"

"उरलेलं काय?"

"काढलेलं. गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा मी पिशवीत घालून परत देते."

डॉक्टरच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. त्याच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. पण माणूस भला. त्याने सगळं नीट समजावलं. काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने व्रण राहणार, फिकट होईल पण जाणार नाही, बिनबाह्यांचं घालून हात वर केलात की दिसणार. आत थोडी जागा बधिर राहू शकते. काहींना पुढे बोटांपर्यंत मुंग्या येतात, बहुतेकांच्या जातात, सगळ्यांच्या जातीलच असं लिहून देत नाही. काही आठवडे मशीन बंद, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मग त्याने तंबाखूचं विचारलं. मी हसत म्हणालो, "छे हो, यांना कसला तंबाखू!" आणि आत्याबाई म्हणाल्या, "मिश्री लावते. सकाळ-संध्याकाळ." मी खुर्चीत उडालो. आमच्या घरात ही बातमी कोणाला म्हणजे कोणाला नव्हती. "बंद करा," डॉक्टर म्हणाला, "नाहीतर टाके भरणार नाहीत. आणि एक सांगा, हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?" असं म्हणताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.

आत्याबाई नेहमी तयार उत्तर देणाऱ्या. या वेळी त्यांनी आधी पदर दंडावर ओढून घेतला, मग म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्याकडे एक मोठा आरसा आहे. बाईला समोर उभी करते, मागे मी. तिचा हात वर करते तेव्हा माझाही वर होतो. दिवसभर तिच्या दंडाशेजारी मला माझा दिसतो. ती दोन मिनिटं बघते आणि जाते. मला पुढच्या बाईबरोबर परत बघावा लागतो."

डॉक्टर म्हणाला, "घाई नका करू. घरी जा, विचार करा. नाही केलंत तरी तब्येतीला काही होणार नाही. केलंत तर व्रणासकट करायचंय, हे डोक्यात ठेवा."

परतताना आम्ही रिक्षात बसलो. शिवाजी चौक मागे पडल्यावर म्हणाल्या, "भीती वाटते हो, जावईबापू. पाय गेला असता तर मोटार लावली असती मशीनला. हात गेला तर मी कोण?" त्यांच्या तोंडून भीती हा शब्द ऐकण्याइतकं मला त्या दिवसात दुसरं काहीही धक्कादायक वाटलं नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याने दवाखान्याची दमछाक झाली. तिथल्या मुलीचा फोन यायचा, "आंटी, कधी येताय?" आत्याबाई कापडावरची नजर न काढता म्हणायच्या, "परवा." लगनसराई आहे, परवा. मंगळागौरींची शिवणं आलीत, परवा. गणपती झाले की परवा. मात्र मिश्री त्यांनी खरोखर सोडली, आणि त्या दिवसांत त्यांच्या तोंडाला लागणं म्हणजे संकट होतं. एका मुलीने पाठीला लटकन मागितलं तर तिला म्हणाल्या, "गाईला बांध." आम्हाला वाटलं, प्रकरण असंच विरत जाणार. बायको खूश होती.

दिवाळीनंतर एका सकाळी बायकोला दवाखान्यातून फोन आला. तुमच्या आत्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, नातेवाईक म्हणून तुमचं नाव दिलंय, येता का? आम्ही दोघंही जागच्या जागी उभे राहिलो. बाई एकटी, पिशवीत दोन गाऊन घालून, रिक्षा करून गेली आणि दोन्ही दंड कापून घेऊन पडली होती. कोणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. जी बायको आयुष्यभर बोलणार नव्हती, तिनेच चप्पल उलटसुलट घातली आणि निघाली. आम्ही खोलीत शिरलो तर आत्याबाईंचे पट्ट्या बांधलेले हात दोन उशांवर ठेवलेले. बायकोचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "रागव मागाहून. आधी नाकावरची माशी हाकल."

आम्ही त्यांना अंबरनाथला घेऊन आलो. हात वर न्यायचा नाही, म्हणजे काहीच करायचं नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. घास भरवायचा, तोंड पुसायचं, अंघोळ घालायची, परकराची नाडी बांधायची, वेणी घालायची. बायको हे सगळं करायची आणि करताना अखंड भांडायची. आत्याबाईंना डॉक्टरने घट्ट बाह्यांचा एक खास अंगरखा घालायला दिला होता. त्याची टीप वाकडी आहे, म्हणून त्या रोज त्याला शिव्या द्यायच्या. सगळं त्यांच्या स्वभावाप्रमाणे चाललं होतं.

एकदा दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. आत बायको त्यांचे केस विंचरत होती. भांडण अचानक थांबलं. बायको घाबरून विचारत होती, "दुखतंय का गं? फार ओढलं का मी?"

"नाही गं. विंचर तू."

"मग रडतेस का?"

"गावातल्या सगळ्या बायकांच्या अंगाला रोज हात लावते मी," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या अंगाला कोणी हात लावून किती वर्षं झाली असतील, ते आत्ता मोजत होते. आठवेना."

बायकोने विंचरून वेणी घातली, ते मला दारातून दिसत होतं. घातलेली वेणी तिने उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला लागली. मी पेपर तसाच धरून बसलो. इतक्या वर्षांत आम्ही दर सणाला त्यांच्या पाया पडायला जात होतो, आणि हे कधी आमच्या मनातही आलं नव्हतं.

आता आत्याबाई परत बदलापूरला आहेत. बोटं शाबूत आहेत. डाव्या दंडाच्या आत एक जागा बधिर आहे, तिथे पिन टोचली तर कळत नाही, असं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला टोचून दाखवतात. चिंतामणी रंगाचा बिनबाह्यांचा ब्लाऊज त्यांनी शिवला आणि घालून गाळ्यात बसल्या. हात वर केला की व्रण दिसतो. एका बाईने भीत भीत विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "हो, दिसतोच. आरशात मीही बघते. मला चालतो."

मागच्या रविवारी बायको आत्याकडे जाणार होती. मला स्टेशनजवळ काम होतं, म्हणून मी थोडा आधी पोचलो. शटर अर्धं खाली होतं. मी वाकून बघितलं तर आत्याबाई स्टुलावर चढून, दोन्ही हात डोक्याच्या वर ताणून, अस्तराचा भलामोठा गठ्ठा माळ्यावर ढकलत होत्या. हात अगदी सरळ, कुठे अडत नव्हते. मी पुन्हा हादरलो, आणि आवाज न करता मागे सरकून कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. बायको आल्यावर तिच्याबरोबर आत शिरलो. आत्याबाई आता खाली चटईवर बसल्या होत्या, केस सोडलेले, शेजारी कंगवा आणि तेलाची वाटी.

"आलीस?" त्या बायकोला म्हणाल्या. "बघ ना गं, हात अजून वर जात नाही. जरा वेणी घालून दे."

बायको त्यांच्या मागे बसली. तिने तळहातावर तेल घेतलं आणि काळजीने माझ्याकडे पाहिलं. आत्याबाईंनीही पाहिलं.

मी चपला काढत म्हणालो, "अशा गोष्टींना वेळ लागतो, आत्या. तुम्ही मुळीच घाई करू नका."