धुण्याचा तिसरा दिवस

प्रयोगशाळेत सगळे त्यांना धुणेकाका म्हणत. कामच तसं होतं. प्लॅस्टिकच्या जातीच्या एका पदार्थापासून तिथे सौर सेल बनवायचे आणि त्याची काळपट भुकटी आधी धुऊन घ्यावी लागायची. जाड कागदाच्या नळीत भुकटी, खाली उकळतं द्रावक, वर गार पाणी खेळवलेली काचेची नळी. वाफ वर जाणार, थेंब होऊन भुकटीवर पडणार, मळ घेऊन खाली उतरणार. असं सलग तीन दिवस. काकांनी तेवीस वर्षं हेच केलं. "तिकडे धुणं, इकडे भांडी," बायको म्हणायची, "एवढं शिकून तुम्ही मोलकरणीच्या पुढे काही सरकला नाहीत हो."

हे सेल स्वस्त, हलके, गुंडाळता येतील असे. दुखणं एकच, उष्णता सोसायची नाही. सासऱ्याच्या जिवावर जगायचं आणि सासरा दिसला की घाम फुटायचा, अशातला प्रकार. पंच्याऐंशी अंशांच्या भट्टीत ठेवले की आठ दिवसांत वीज निम्म्यावर. अपवाद एकदाच घडला. सहा वर्षांपूर्वी काकांनी धुतलेल्या एका भुकटीचे सेल त्याच भट्टीत चाळीस दिवस राहिले आणि बाहेर आले ते जवळजवळ नवेकोरे. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी शोधनिबंध लिहिला, तो मोठ्या ठिकाणी छापून आला आणि शेवटी आभारांत काकांचं नाव. निबंध वाचता घरात कुणालाच यायचा नाही, पण पाहुणे आले की कुठे बोट ठेवायचं ते बायकोला पाठ होतं.

त्यानंतर तसे सेल पुन्हा कुणालाच जमले नाहीत. चष्मेवाली म्हणून एक मुलगी डॉक्टरेटसाठी त्याच्यामागे चार वर्षं लागली होती. काकांचं रजिस्टर उघडायची आणि पोथी वाचावी तशी शब्दन् शब्द पाळायची. 'धुणे: तीन दिवस.'

आणि ते तीन नव्हते, दोन होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच इमारतीचं पाणी गेलं होतं. नळी गार राहीना, म्हणून काकांनी खालची शेगडी बंद केली. त्यात गैर काहीच नव्हतं. पण पाणी जातं तर पिंप भरून का ठेवत नाही, म्हणून आदल्याच आठवड्यात मॅडमनी त्यांना चारचौघांत झाडलं होतं, आणि पिंप अजून रिकामंच होतं. काकांनी दोनाच्या जागी तीन लिहिलं. एका दिवसाने कुणाचं काय घोडं मारलंय!

शंका बऱ्याच उशिरा आली. कमी धुतल्याने जो मळ मागे राहिला, त्यानेच तर ते सेल तगले नसतील? तसं असेल तर मुलीची चार वर्षं आपण खाल्ली. सांगावं तर आपण खोटे, आणि आपलं नाव मिरवणारा निबंधही खोटा. काका वर्षभर 'उद्या सांगू' म्हणत राहिले.

एका दुपारी हातमोजे ओट्यावर टाकत मुलगी म्हणाली, "काका, दोन महिन्यांनी माझी मुदत संपते. माझ्या हातालाच गुण नाही बहुतेक."

"हाताला कशाला बोल लावतेस, बाळ," काका म्हणाले आणि तडक मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, ती चाळीस दिवसवाली भुकटी... तीन नाही, दोनच दिवस धुतली होती."

"मग तीन का लिहिलंत?"

"पिंप भरलं नव्हतं."

मॅडम हसल्या. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं, तयारी त्याचीच करून गेले होते. "उद्यापासून दोन दिवस धुवा," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस त्या खोलीत लगीनघाई होती. मुलगी गुणगुणत काम करायची. काका तिला चिडवायचे, "डॉक्टर झालीस की आमचे गुडघे फुकट तपास." सेल भट्टीत गेले आणि आठव्या दिवशी मोजले, तर वीज निम्मी. एक दिवस धुऊन पाहिलं, तरी निम्मी. न धुताच बनवले, ते पाच दिवसांत गेले.

म्हणजे गुण त्या दोन दिवसांचाही नव्हता. पाप केलं ते केलं, वर तेही कुणाच्या कामाचं निघालं नाही.

मुदत संपली तशी मुलगी गेली. जाताना "निदान सांगितलंत तरी, काका" म्हणाली. काकांना वाटलं, त्यापेक्षा हिने दोन शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या.

मॅडमनी निबंध मागे घ्यायचं पत्र धाडलं आणि काकांना बोलावलं. "रजिस्टरात आणखी काय खोटं आहे?"

"बाकी सगळं खरं आहे, मॅडम."

"मग असं करा. ज्या नोंदीची खात्री आहे, तिच्यापुढे खूण करा. तेवढंच आपण धरून चालू."

काका पेन्सिल घेऊन बसले. पहिलं पान. 'धुणे: तीन दिवस.' अक्षर आपलंच. पण त्या आठवड्यात पाणी होतं का? असावं. दुसरं पान, तिसरं पान. असावं आणि होतं यांत किती अंतर असतं, ते काकांना तेवीस वर्षांत पहिल्यांदाच मोजावं लागत होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी चार वर्षांची पानं उलटली. पेन्सिलीचं टोक अजून तस्संच होतं.